मॉरिशस एका माउरित्सचं, माउरित्सहाउस दुसऱ्याचं

मॉरिशसमध्ये कित्येक पिढ्यांपासून मराठी कुटुंबं राहतात. त्यांच्या पूर्वजांना एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून नेलं होतं. त्यामुळे त्या बेटाचं नाव आपल्याला जवळचं वाटतं. ते एका डच सेनापतीवरून पडलं, हेही अनेकांना ठाऊक असतं. घोळ होतो तो पुढे. नेदरलँड्समधल्या हेग शहरात ‘माउरित्सहाउस’ नावाचं संग्रहालय आहे. डच चित्रकार फेर्मीरने रंगवलेली, कानात मोती घातलेली ती मुलगी तिथेच आहे. तिथे जाऊन आलेला माणूस सहज म्हणून जातो, “हे त्या मॉरिशसवाल्याचं घर.” ते त्याचं नव्हे, त्याच नावाच्या दुसऱ्याचं.

नाव एक, घराणं एक (नासाऊ), जन्मगावही एकच, जर्मनीतलं डिलेनबुर्ग. पण बेटाला ज्याचं नाव आहे तो थोरला माउरित्स १५६७चा आणि माउरित्सहाउसवाला धाकटा योहान माउरित्स १६०४चा. थोरला हा ऑरेंजच्या विल्यमचा, म्हणजे स्पेनविरुद्धच्या डच बंडाच्या नेत्याचा मुलगा. धाकटा त्याच विल्यमच्या भावाचा नातू. मराठीत या नात्याला नेमका शब्द आहे: चुलत पुतण्या.

थोरल्याला जबाबदारी लवकर आली. १५८४मध्ये डेल्फ्ट इथे वडिलांचा गोळ्या घालून खून झाला, तेव्हा तो सोळा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी त्याला हॉलंड आणि झीलंड प्रांतांचा स्टॅटहाउडर, म्हणजे प्रांतप्रमुख, करण्यात आलं. त्याच्या हाती आलेलं सैन्य भाडोत्री होतं, पगार थकला की बिथरणारं. समोर स्पेनची फौज, त्या काळातली युरोपातली सर्वांत दरारा असलेली. माउरित्सने यावर काढलेला उपाय शौर्याचा नव्हता, शिस्तीचा होता, आणि मला त्याचं मोठेपण तिथेच दिसतं. पगार वेळेवर मिळेल हे पाहायचं आणि सैनिकाकडून रोज कवायत करून घ्यायची. बंदूक भरण्याच्या प्रत्येक हालचालीला वेगळा हुकूम होता. १५९४मध्ये त्याचा चुलत भाऊ विल्यम लुईस याने प्राचीन लष्करी ग्रंथ वाचून त्याला पत्रातून एक युक्ती कळवली: पुढच्या रांगेने गोळी झाडायची आणि मागे जाऊन बंदूक भरायची, तोवर दुसऱ्या रांगेने झाडायची. बंदूक भरायला वेळ लागायचाच, पण या पद्धतीत मारा थांबत नसे. ही कवायत पुढे युरोपभर गेली.

त्याचा दुसरा आधार गणित. सायमन स्टेविन हा त्याचा गणिताचा शिक्षक आणि सल्लागार. वेढा म्हणजे त्याला मोजमापाचं काम वाटे. खंदक कुठून न्यायचा, तोफा किती अंतरावर लावायच्या, हे आधी कागदावर ठरायचं. शहरं एकामागून एक पडली: १५९१मध्ये झुटफेन, डेव्हेंटर, नाइमेखन. त्याआधी १५९०मध्ये ब्रेडा मात्र वेढ्याशिवाय घेतलं. जळणाच्या पीटने भरलेल्या होडीच्या तळाशी सत्तरेक सैनिक दडून थंडीत दिवस काढत राहिले आणि स्पेनच्या बाजूच्या पहारेकऱ्यांनी स्वतःच ती होडी किल्ल्यात ओढून घेतली. १६००मधली नियूपोर्टची उघड्या मैदानावरची लढाई तो जिंकला, पण हाती फारसं काही लागलं नाही. अशा लढाया तो एरवी टाळतच असे.

बेटाचं नाव याच काळातलं. १५९८मध्ये डच जहाजं त्या किनाऱ्याला लागली आणि खलाशांनी आपल्या सेनापतीचं नाव बेटाला दिलं. तो स्वतः तिथे कधीच गेला नाही. ‘ऑरेंजचा राजपुत्र माउरित्स याच्यावरून’ असं सर्रास लिहिलं जातं, पण तो किताब त्याला थोरल्या सावत्र भावाच्या मृत्यूनंतर, १६१८मध्ये मिळाला.

या माणसावरचा डाग राजकारणातला आहे. हॉलंडचा ज्येष्ठ मुत्सद्दी योहान फान ओल्डेनबार्नेफेल्ट याने त्याला वर आणलं, पण त्याच्याशीच स्पेनबरोबरच्या तहावरून आणि धर्माच्या वादावरून त्याचं बिनसलं. १६१९मध्ये त्या ७१ वर्षांच्या मुत्सद्द्याचा हेगमधल्या बिनेनहोफ या सत्ताकेंद्राच्या आवारात शिरच्छेद झाला. माउरित्सने तो थांबवला नाही. १६२५मध्ये तो वारला. लग्न केलेलं नव्हतं.

योहान माउरित्सने उमेदवारी केली ती काकाच्याच सैन्यात, पण तो ओळखला जातो ब्राझीलमुळे. इथे एक खुलासा हवा. आपल्या वेंगुर्ल्याला वखार घातली ती डचांच्या पूर्वेकडच्या कंपनीने. योहान माउरित्स नोकरीला होता पश्चिमेकडच्या कंपनीत, जी अटलांटिकवर व्यापार करायची. पोर्तुगिजांकडून जिंकलेल्या ईशान्य ब्राझीलचा गव्हर्नर म्हणून तो जानेवारी १६३७मध्ये रेसिफेला उतरला आणि १६४४पर्यंत राहिला.

तिथे त्याने माउरित्सस्टाड हे नवं शहर वसवलं, बाग लावली, पूल बांधले. फ्रान्स पोस्ट आणि आल्बर्ट एकहाउट हे चित्रकार, विलेम पिसो हा वैद्य, गेओर्ग मार्कग्राफ हा खगोल आणि निसर्गाचा अभ्यासक, सगळे त्याच्या पदरी होते. कॅथलिकांना आणि ज्यूंना त्याने आपापला धर्म पाळू दिला. पुलाच्या उद्घाटनाला ‘बैल उडणार’ अशी दवंडी पिटून त्याने लोकांकडून टोल वसूल केला आणि पेंढा भरलेलं बैलाचं कातडं दोरीवरून वर नेलं. रेसिफेचे लोक तो उडता बैल आजही विसरलेले नाहीत.

पण हा थाट साखरेवर चालला होता आणि साखर गुलामांवर. योहान माउरित्सने रेसिफेहून जहाजं धाडून १६३७मध्ये आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचा एल्मिना किल्ला घेतला, १६४१मध्ये लुआंडा. हेतू उघड होता: मळ्यांना माणसं पुरवणं. डच सत्तेच्या त्या वर्षांत वीस हजारांहून अधिक आफ्रिकी माणसं गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये उतरवली गेली. ते घडत असतानाच हेगमध्ये त्याचा वाडा उभा राहत होता, आणि लोकांनी त्याला ‘साखरघर’ म्हणायला सुरुवात केली. तेच आजचं माउरित्सहाउस.

घोळ आणखी वाढतो तो उसामुळे. मॉरिशसवरही ऊस डचांनीच १६३९मध्ये जावाहून आणला. पण तोवर थोरला माउरित्स जाऊन चौदा वर्षं झाली होती. त्या बेटाच्या उसाशी त्याचा काही संबंध नाही आणि रेसिफेच्या मळ्यांशीही नाही. उलट ओल्डेनबार्नेफेल्टच्या शिरच्छेदाशी योहान माउरित्सचा संबंध नाही. दोघांची सरमिसळ झाली की एकाच्या माथी दुसऱ्याचं पाप येतं आणि खऱ्या धन्याचं झाकलं जातं. माउरित्सहाउसने २०१९मध्ये योहान माउरित्स आणि गुलामगिरी या विषयावर खास प्रदर्शन भरवलं. अशा वेळी कोणत्या माउरित्सबद्दल बोलणं चाललंय हे ठाऊक असायलाच हवं.

योहान माउरित्स पुढे ब्रांडेनबुर्ग या जर्मन राज्याच्या वतीने क्लेव्ह प्रांताचा कारभारी झाला. १६७२मध्ये फ्रेंच फौजा हॉलंडवर चालून आल्या तेव्हा ६८व्या वर्षी त्याने अ‍ॅमस्टरडॅमजवळचं माउडेन राखलं. १६७९मध्ये तो क्लेव्हला वारला.

चित्रांत ओळखायचं तर मीरेफेल्टने रंगवलेला थोरला माउरित्स सोनेरी चिलखतात उभा असतो. यान दे बानने काढलेल्या योहान माउरित्सच्या चित्रात आठ टोकांचा पांढरा क्रॉस दिसतो, सेंट जॉनच्या पंथाचा. बिनेनहोफ आणि माउरित्सहाउस हेगमध्ये एकमेकांना खेटून आहेत. काका राहायचा पहिल्यात, पुतण्याने वाडा बांधला दुसऱ्या जागी.