अस्थिमज्जा आणि संयुक्त ऊतक प्रतिरोपण

संयुक्त ऊतक प्रतिरोपण : त्वचा, स्नायू, चेता, रक्तवाहिन्या व हाड हे सर्व ज्यात एकत्र असतात, असा हात किंवा चेहऱ्यासारखा भाग दात्याकडून घेऊन रुग्णाला बसवण्याची शस्त्रक्रिया. रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेने तो परका म्हणून नाकारू नये यासाठी दात्याची अस्थिमज्जाही (हाडांच्या पोकळीतील मऊ ऊतक) रुग्णाला द्यावी, या उपायाचा विचार या नोंदीत केला आहे.

या कल्पनेचे मूळ सामान्यतः संशोधक रे ओवेन यांच्या १९४५ मधील निरीक्षणात मानतात. गर्भावस्थेत ज्यांचे रक्ताभिसरण जोडलेले होते अशा जुळ्या वासरांच्या अंगात मोठेपणीही एकमेकांच्या रक्तकोशिका आढळल्या. बिलिंगहॅम, ब्रेंट व मेडावर यांनी १९५३ मध्ये उंदरांच्या गर्भात परक्या कोशिका टोचून अशी सहिष्णुता (परका ऊतक न नाकारण्याची स्थिती) प्रयोगाने निर्माण केली. मात्र प्रौढ प्राण्यात, प्रारणाने प्रतिकारशक्ती दबवून, मज्जेच्या द्वारे परकी त्वचा टिकवून दाखवण्याचे श्रेय मेन व प्रेन (१९५५) यांना देणे अधिक योग्य ठरेल. इल्डस्टाड व सॅक्स यांच्या १९८४ मधील प्रयोगांतून दाता व ग्राही या दोघांच्या मज्जाकोशिका एका शरीरात एकत्र नांदू शकतात, हे स्पष्ट झाले. या स्थितीला मिश्र कायमेरिझम म्हणतात. तीत दात्याच्या कोशिका यौवनलोपी ग्रंथीत (थायमस; येथे टी-कोशिका तयार होतात) पोहोचतात आणि दात्याच्या ऊतकावर उलटू शकणाऱ्या नव्या टी-कोशिका (परक्या ऊतकावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या रक्तकोशिका) तेथेच नष्ट होतात.

त्वचा हा सर्वांत प्रतिकारोत्तेजक, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला सर्वाधिक चेतवणारा, ऊतक समजला जातो. हात बसवलेल्या रुग्णात नकाराची पहिली खूण बहुधा बसवलेल्या हाताच्या त्वचेवर उठलेले लालसर चट्टे हीच असते; प्रतिरोपित मूत्रपिंडात जे रक्ततपासणीने कळते, ते येथे डोळ्यांना दिसते. स्नायू व हाड स्वीकारले जाऊनही त्वचा मात्र नाकारली जाण्याची विभक्त सहिष्णुता प्राण्यांत पाहिलेली आहे.

प्रतिरोपित हाताच्या हाडातील मज्जाच हे काम करील, असे काही अभ्यासकांनी सुचवले. उंदरांच्या मागील पायाच्या प्रतिरोपणात ते काही अंशी खरे ठरते; तथापि प्रौढ माणसाच्या हाताच्या हाडांतील मज्जा प्रामुख्याने पिवळी, मेदयुक्त असते आणि रक्तकोशिका घडवणारी तांबडी मज्जा मणके, छातीचे हाड, श्रोणी यांत राहते, त्यामुळे हे मत माणसाला लावताना सावधगिरी हवी.

फ्रान्समधील आमियाँ येथे २००५ मध्ये झालेल्या पहिल्या अंशतः चेहरा प्रतिरोपणात दात्याच्या मज्जाकोशिका ४ थ्या व ११ व्या दिवशी दिल्या गेल्या, तरी १८ व्या दिवशी नकाराचा प्रसंग उद्भवला. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील पद्धतीत अलेम्टुझुमॅब या औषधाने टी-कोशिका कमी करून, दात्याच्या मणक्यांतून काढलेली मज्जा सुमारे १४ व्या दिवशी देतात आणि पुढे टॅक्रोलिमस हे प्रतिकारशक्ती दबवणारे एकच औषध ठेवतात. हात टिकले, नकाराचे प्रसंग आवरता आले, मात्र टिकाऊ कायमेरिझम आढळला नाही. अलेम्टुझुमॅबचा वाटा किती आणि मज्जेचा किती, हे मज्जा न दिलेल्या तुलनागटाअभावी वेगळे करता येत नाही. म्हणून ‘सहिष्णुता’ या शब्दापेक्षा ‘औषधभार कमी होणे’ हे वर्णन अधिक नेमके वाटते.

मज्जेबरोबर गेलेल्या दात्याच्या टी-कोशिका रुग्णाच्याच ऊतकांवर उलटण्याचा धोका असतो. शिवाय मूत्रपिंडाचा दाता जिवंत असल्यास मज्जा स्वीकारण्यासाठी रुग्णाच्या शरीराची पूर्वतयारी आधी करता येते. हात व चेहरा मृत दात्याकडूनच मिळत असल्याने ती सवड नसते, आणि मज्जा गोठवून ठेवून शस्त्रक्रियेनंतर द्यावी लागते.