पर्सोनिफिकेशन आणि अपॉस्ट्रॉफी : गुण दिला की हाक मारली?

इंग्रजी कवितेच्या ओळीत एखादी निर्जीव वस्तू दिसली की डोळे मिटून ‘पर्सोनिफिकेशन’ लिहून मोकळे व्हायचे, ही सवय विद्यार्थ्यांच्या इतकी अंगवळणी पडली आहे की अपॉस्ट्रॉफी हा स्वतंत्र अलंकार आहे, हे पुष्कळांच्या गावीही नसते. पर्सोनिफिकेशनविषयी फार सांगायला नको. निर्जीवाला माणसाचे गुण देणारी, मराठीच्या तासाला शिकलेली चेतनगुणोक्ती ती साधारण हीच. अपॉस्ट्रॉफीला मात्र शालेय मराठीच्या अलंकारांत जोडीदार नाही आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘तोंड फिरवणे’ असा आहे. न्यायसभेत बोलणारा वक्ता मध्येच न्यायाधीशांकडून तोंड वळवून दुसऱ्याच कोणाला उद्देशून बोलू लागे, त्या पद्धतीचे हे नाव. (विरामचिन्हांतली अपॉस्ट्रॉफीही त्याच धातूपासून आली आहे, तिचा येथे याहून अधिक संबंध नाही.) कवितेत समोर नसलेल्या वा दिवंगत व्यक्तीला, निर्जीव वस्तूला किंवा अमूर्त कल्पनेला थेट हाक मारली की अपॉस्ट्रॉफी होते. म्हणजे पर्सोनिफिकेशन पाहताना वस्तूला कोणता मानवी गुण दिला हे शोधायचे आणि अपॉस्ट्रॉफी पाहताना बोलणे कोणाला उद्देशून आहे हे शोधायचे. हे दोन प्रश्न वेगळे असल्यामुळे त्यांची उत्तरे कधी एकाच ओळीत सापडतात, तर कधी नाही.

‘द सन इज अँग्री विथ द फील्ड्स’ या वाक्यात सूर्याला राग आला आहे, पण त्याच्याशी कोणी बोलत नाही. म्हणून हे केवळ पर्सोनिफिकेशन. ‘ओ सन, यू बर्न द फील्ड्स’ म्हटले तर सूर्याला हाक मारली आहे, पण शेते करपवणे हा माणसाचा गुण नव्हे. म्हणून ही केवळ अपॉस्ट्रॉफी. ‘ओ सन, व्हाय आर यू अँग्री?’ मध्ये मात्र दोन्ही आहेत. हाक मारणे म्हणजेच ऐकण्याची मानवी शक्ती देणे, असा युक्तिवाद काही शिक्षक करतात. तो चुकीचा नाही, पण तो मान्य केला की निर्जीवाला मारलेली प्रत्येक हाक पर्सोनिफिकेशन ठरते आणि भेद करण्याचे प्रयोजनच उरत नाही. म्हणून ओळीत वेगळी मानवी कृती वा भावना दिसल्याखेरीज मी ते नाव देत नाही.

जेन टेलर यांच्या 1806 मधील ‘ट्विंकल ट्विंकल’ या कवितेच्या पहिल्या कडव्यात ताऱ्याशी बोलणे आहे, पण लुकलुकणे हा ताऱ्याचा स्वतःचाच धर्म. आपला चांदोबा मात्र भागतो आणि झाडामागे लपतो, म्हणून तिथे दोन्ही अलंकार सापडतात. वर्ड्‌स्वर्थने 1802 मध्ये एका सुनीतात आपल्या आधीचा इंग्रज कवी मिल्टन याला हाक मारली, तेव्हा मिल्टनला जाऊन सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली होती. ही निखळ अपॉस्ट्रॉफी, कारण जो मुळात माणूसच होता त्याला माणूसपण काय द्यायचे?

ओळखायला मराठीचीच मदत घ्यावी. इंग्रजीत ‘डेथ’ हा शब्द कर्ता असो वा संबोधन, त्याचे रूप बदलत नाही; मराठीत ‘मरण’चे ‘मरणा’, ‘वारा’चे ‘वाऱ्या’ आणि ‘पाऊस’चे ‘पावसा’ होते. ओळ मनातल्या मनात मराठीत आणून पाहावी आणि संबोधन विभक्ती लागली तर अपॉस्ट्रॉफीचा विचार करावा. फक्त ऐकणारा खरोखर समोर नाही ना, हे तपासावे. दाराआडच्या आईला ‘मदर, ओपन द डोअर’ म्हणणे हा अलंकार नव्हे. उद्गारचिन्ह पाहून उत्तर लिहिणे तर सर्वांत वाईट. ‘ओह, हाउ कोल्ड द विंड इज!’ या वाक्यात वाऱ्याला कोणीही हाक मारलेली नाही. बोलणाऱ्याला केवळ थंडी वाजते आहे.