एक्सचेंजच्या गाडीचा वाद : ग्राहक आयोगात तक्रार कशी करायची आणि ती कुठे अडते

आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि दसरा उलटून महिना-दोन महिने झाले की तक्रार लिहून घ्यायला येणाऱ्यांत एकाच प्रकारची माणसं दिसू लागतात. जुनी गाडी शोरूमला दिली, नवी घेतली. आता कुणाला जुनीचे कबूल केलेले पैसे पूर्ण धरून मिळाले नाहीत, कुणाचा एक्सचेंज बोनस, म्हणजे जुनी गाडी दिल्याबद्दलची जादा सूट, ‘कंपनीकडून यायचाय’, तर कुणाची दिलेली गाडी अजून त्याच्याच नावावर पळतेय आणि सुरतेकडच्या रस्त्यावरची ई-चलानं याच्या मोबाइलवर येतायत. माणूस बहुतेक वेळा खरं बोलत असतो, पण त्याच्या पिशवीत हवा तो कागद नसतो.

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. वकील लावणं सक्तीचं नाही, फी किरकोळ आहे, आणि शोरूम नाशिकचं किंवा सुरतेचं असलं तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही राहता किंवा कामधंदा करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. बुकिंग फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात ‘सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत’ असं छापलेलं असतं. ते वाचून शहाद्याचा माणूस नाशिकच्या बसमध्ये बसतो. बसू नका. कायद्याने दिलेला हक्क छापखान्यातल्या ओळीने जात नाही.

सौदा एक की दोन?

सगळ्यात जास्त तक्रारी इथे पडतात, म्हणून इथे जरा थांबू. कायद्याच्या भाषेत ग्राहक म्हणजे मोबदला देऊन वस्तू किंवा सेवा घेणारा. तुम्ही जुनी गाडी शोरूमला देता तेव्हा त्या गाडीपुरते तुम्ही विकणारे असता. शोरूमच्या लेखी जबाबात पहिलं वाक्य हेच येतं : जुन्या गाडीचा व्यवहार आमच्याशी झालाच नाही, तो अमुक ट्रेडर्सशी झाला, आणि त्यात तक्रारदार विक्रेता आहे, ग्राहक नाही. हे अमुक ट्रेडर्स म्हणजे पुष्कळदा शोरूमच्याच मागच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसणारा जुन्या गाड्यांचा व्यापारी असतो. पण शोरूममध्ये तुम्हाला चहा पाजला, हा पुरावा होत नाही.

तेव्हा तक्रारीत सिद्ध करायचं ते एवढंच : जुन्या गाडीची किंमत ही नव्या गाडीच्या मोबदल्याचाच भाग होती. त्यासाठी लागणारा कागद म्हणजे नव्या गाडीचा बुकिंग फॉर्म, आणि त्यावर जुन्या गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, बोनस वेगळा दाखवलेला, शिक्का आणि सही. हा कागद जवळपास कुणाकडेच नसतो. लोक घेऊन येतात ते सेल्समनचं व्हिजिटिंग कार्ड, ज्याच्या मागे पेनाने ‘२.४० + २५’ लिहिलेलं असतं. बुकिंगच्या दिवशी दोन लाख चाळीस हजार, वर बोनस पंचवीस. डिलिव्हरीच्या दिवशी, घरून पूजेचं ताट निघालेलं असताना, ‘मार्केट पडलं भाऊ, एक पंच्याण्णवच बसतील.’ पेढे वाटलेला माणूस त्या क्षणी परत फिरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

कागद नसेल तर सगळं संपलं असं नाही. संबंध तुटण्याआधी, म्हणजे नोटीस पाठवण्याच्याही आधी, शोरूमच्या अकाउंट विभागातून नव्या गाडीचा तुमच्या नावचा खातेउतारा मागून घ्या. त्यात जुन्या गाडीची रक्कम जमेच्या बाजूला आली असेल, तर ‘तो व्यवहार वेगळा’ हे म्हणणं तिथेच लंगडं पडतं. कर्जावर नवी गाडी असेल तर बँकेकडे गेलेलं कोटेशन आणि मार्जिन मनीची, म्हणजे कर्जाबाहेर तुम्ही स्वतः भरलेल्या रकमेची, पावती बघा. बँकेला हिशोब जुळवून दाखवावा लागतो, त्यामुळे जुन्या गाडीचा आकडा तिथे कुठेतरी सापडण्याची शक्यता असते. पैशाची पावतीच दिली नसेल तर तेही तक्रारीत लिहा. बिल किंवा पावती न देणं ही याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे.

व्हॉट्सअॅपवरचं बोलणं उपयोगी पडतं, पण नुसते स्क्रीनशॉट जोडू नका. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या आणि मूळ फोन जपून ठेवा. नवा फोन घेताना जुना एक्सचेंजमध्ये देऊन बसलेलेही पाहिलेत. काय बोलायचं!

कोऱ्या सह्यांचा सेट

‘सह्या करून द्या भो, बाकीचं आमच्यावर सोडा.’ हे वाक्य ऐकलं की पेन खिशात ठेवा.

गाडी नावावरून उतरवायला नमुना २९ आणि ३० लागतात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे गाडी दिल्याचं देणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचं असतं. लोकांना तीस दिवस माहीत असतात, चौदा नाही. शिवाय चौदा दिवसांची जबाबदारी आपली आहे हेही माहीत नसतं. शोरूम तुमच्याकडून घेणाऱ्याचं नाव नसलेला कोरा सेट घेतं, गाडी दोन-तीन हातांतून फिरते, आणि शेवटच्या हाताने कागद लावेपर्यंत सरकारदरबारी मालक तुम्हीच. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्टच सांगितलं आहे : गाडी प्रत्यक्षात पुढे विकली गेली असली तरी ज्याचं नाव नोंदीवर आहे, तोच अपघाताच्या भरपाईसाठी मालक धरला जाईल. चलान पाचशे-हजाराचं असतं. अपघाताचा दावा तेवढ्यावर थांबत नाही.

यावर २०२३ पासून एक चांगली सोय झाली आहे आणि ती वापरणारे फार थोडे आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला आरटीओचं प्राधिकारपत्र, म्हणजे नमुना २९ ब, घ्यावं लागतं. असं पत्र असलेल्या व्यापाऱ्याला गाडी देताना नमुना २९ क पोर्टलवर भरला की गाडी पुढे विकली जाईपर्यंत तो व्यापारी ‘मानीव मालक’, म्हणजे कायद्याने मालक धरलेला, ठरतो आणि तुमच्या मागची ब्याद सुटते. म्हणून गाडी देण्याआधी २९ ब ची प्रत मागा. ‘ते काय असतं?’ असं उत्तर आलं तर गाडी घरी आणा, किंवा खऱ्या घेणाऱ्याचं नाव लिहिल्याशिवाय सही करू नका.

ताबा देताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहून घ्या. सकाळी अकराला दिलेल्या गाडीने संध्याकाळी सहाला कुणाला ठोकरलं, तर गाडी तेव्हा तुमच्या ताब्यात नव्हती एवढं तरी ती वेळ दाखवेल. किलोमीटरचा आकडा, चाव्या किती दिल्या, विमा कुठपर्यंत आहे, हेही त्याच पावतीवर. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा. विम्यावरचा नो क्लेम बोनस गाडीचा नसून तुमचा असतो. तो नव्या पॉलिसीवर घ्यायला जुन्या कंपनीचं पत्र लागतं, ते विसरू नका.

गाडी सीमेपलीकडे जाणार असेल, आणि नवापूर-नंदुरबारकडून गुजरातेत, शिरपूरकडून सेंधव्याला गाड्या जातातच, तर नमुना २८ ची एनओसी लागते. तो अर्ज नोंदलेल्या मालकाच्या सहीने होतो, म्हणजे पुन्हा तुमच्याच. त्या सहीचीही कोरी प्रत देऊ नका.

दोन अडचणी इतक्या नेहमीच्या आहेत की त्यांच्यावरून एक्सचेंज बोनस हमखास अडतो. पहिली, कर्ज कधीच फिटलं पण आरसीवर बँकेचा बोजा तसाच. बँकेची एनओसी कपाटात असते, पण बहुतेक पत्रांवर तीन महिन्यांची मुदत छापलेली असते. ती गेली असेल तर नवं पत्र घ्या आणि नमुना ३५ लावून बोजा उतरवा, मगच गाडी दाखवायला न्या. दुसरी, गाडी वारलेल्या वडिलांच्या नावावर. वडिलांच्या जागी मुलाने सही केलेला सेट शोरूम बिनदिक्कत घेतं आणि बोनसच्या वेळी ‘मालक जुळत नाही’ म्हणून हात वर करतं. आधी नमुना ३१ ने वारसाच्या नावावर गाडी करून घ्या. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागते. महिना जाईल, जाऊ द्या. मुहूर्त पुढच्या वर्षीही येतो.

मुदत : दोन वर्षं, पण कधीपासून?

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. इथे लोक हटकून चुकतात. शेवटचा फोन झाला तेव्हापासून नाही, तुम्ही नोटीस पाठवली तेव्हापासून नाही, सेल्समन ‘पुढच्या आठवड्यात बघतो’ म्हणाला तेव्हापासूनही नाही. डिलिव्हरीला रक्कम कमी धरली असेल तर तो दिवस धरा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर जरूर फोन करा, काही वेळा तिथेच मिटतं, पण तिथे नोंद केली म्हणून दोन वर्षांचं घड्याळ थांबत नाही. उशीर झालाच असेल तर विलंबमाफीचा वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागतं. ‘साहेब चांगलं बोलत होते’ हे सबळ कारण नाही.

गाडी धंद्याची की पोटाची?

रावेर-यावलच्या केळीवाल्यांनी आणि पिकअपवाल्यांनी हे नीट वाचा. व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार ग्राहक नसतो. मात्र स्वयंरोजगारातून केवळ स्वतःची उपजीविका चालवायला घेतलेली गाडी त्यात मोडत नाही. सवलत कायद्यातच आहे, पण ती आपोआप मिळत नाही. तक्रारीत ते वाक्य लिहावं लागतं : गाडी कोण चालवतं, घरात अशा गाड्या किती, उत्पन्नाचं दुसरं साधन आहे का. गाडी फर्मच्या नावावर असेल आणि बिलावर जीएसटी क्रमांक असेल, तर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवणार, हे धरून उत्तर तयार ठेवा.

प्रत्यक्ष अर्ज

हा भाग त्यामानाने सोपा. आधी शोरूमला लेखी नोटीस, पोहोच मिळेल अशा टपालाने, पंधरा दिवस देऊन. ती कायद्याने सक्तीची नाही, पण असलेली बरी. मग तक्रार, प्रतिज्ञापत्र, कागदांची यादी, स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती. ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन किंवा आयोगाच्या कार्यालयात जाऊन. शोरूमसोबत तो ट्रेडर्सवाला, आणि बोनसचा वाद असेल तर कंपनी, यांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर तिघेही एकमेकांकडे बोट दाखवतात आणि ज्याच्याकडे बोट जातं तो हजरच नसतो.

फी वादाच्या रकमेवर नाही, वस्तूसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरते. वाद पंचेचाळीस हजारांचा असला तरी गाडी अकरा लाखांची असेल तर फी ४०० रुपये. पाच लाखांपर्यंत काही नाही, पाच ते दहा लाखांना २००, दहा ते वीसला ४००, वीस ते पन्नासला १,०००. पन्नास लाखांपर्यंतच्या मोबदल्याचं काम जिल्हा आयोगात चालतं. फी चुकली म्हणून त्रुटी काढून अर्ज परत देतात, आणि जळगावला चोपड्याहून दुसरी फेरी मारायला लावतात. एका फोनवर सांगता येण्यासारखी गोष्ट आहे, पण असो.

मागणी लिहिताना एक सांभाळा. ‘किंमत केव्हाही बदलण्याचा हक्क राखून’ असलेलं कलम अन्यायकारक करार म्हणून रद्दच करा, अशी मागणी राज्य आयोगाकडे जाते. जिल्ह्यात कमी धरलेली रक्कम, व्याज, मनस्ताप आणि खर्च एवढंच मागा, सेवेतली त्रुटी आणि अनुचित प्रथा म्हणून. गाडी अजून तुमच्या नावावर असेल तर ठरावीक दिवसांत ती उतरवून देण्याचा आदेशही मागा. ही मागणी लिहायचीच राहते, आणि न मागितलेलं आयोग क्वचितच देतो.

दाखल करून घ्यायचं की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. शोरूमला नोटीस मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस, फार तर आणखी १५. त्यापुढे एक दिवसही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिलं आहे. म्हणून शोरूमला नोटीस मिळाल्याची तारीख लिहून ठेवा आणि शेहेचाळिसाव्या दिवशी आलेल्या जबाबाला तिथल्या तिथे हरकत घ्या. निकाल तीन महिन्यांत असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कामं त्याच्या कितीतरी पुढे जातात. प्रत्येक तारखेला हजर राहा, कारण तक्रारदार सलग आला नाही तर तक्रार गैरहजेरीत काढून टाकली जाऊ शकते.

आदेश तुमच्या बाजूने लागला आणि शोरूम अपिलात गेलं, तर ४५ दिवसांत जावं लागतं आणि आदेशातल्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात कलम ७१ खाली वसुलीचा आणि कलम ७२ खाली शिक्षेचा अर्ज करता येतो. शिक्षा एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५ हजार ते एक लाख दंड, किंवा दोन्ही. या अर्जाला आदेशाची प्रमाणित प्रत लागते. निकालाच्या दिवशीच ती मागून ठेवा.