नागपूर मधोमध, पण कशाच्या?

मागच्या आठवड्यात भाऊजींनी घरच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. नागपूर हे म्हणे भारताचं ब्रह्मस्थान, म्हणजे देशाच्या मधोमधची पवित्र जागा, झिरो माइलच्या खांबाखालून ऊर्जेच्या लहरी निघतात, तेव्हा प्रत्येक नागपूरकराने महिन्यातून एकदा तरी तिथे अनवाणी उभं राहावं. मे महिन्यात दुपारी उभे राहा, लहरी नक्की जाणवतील, तळपायाला!

तो खांब ब्रिटिशांच्या जमीनमोजणीचा आहे. महात्रिकोणमितीय सर्वेक्षण 1802 मध्ये मद्रासजवळ सुरू झालं. ते सुरू करणारा विल्यम लॅम्ब्टन 1823 मध्ये वारला, तोही आपल्या हिंगणघाटला. पुढे त्याच मोजणीच्या परंपरेत आपला खांब उभा राहिला. तो देशाच्या नेमक्या मध्यावर आहे म्हणावं, तर 1947 साली देशाचा आकारच बदलला आणि खांब मात्र तसूभरही हलला नाही.

भाऊजींना उत्तर दिलं नाही, घरात शांतता हवी. पण माझ्या आवडीचा प्रश्न मात्र वर आला: मध्य शोधायचा कसा? नकाशा पुठ्ठ्यावर चिकटवून, कापून टाचणीच्या टोकावर तोलता येतो. पण त्या मध्याचा उपयोग काय? आपण जातो रस्त्यांवरून, रुळांवरून. म्हणून गणितात गावांचे ठिपके करतात आणि रस्त्यांच्या रेघा. या ठिपके-रेघांच्या जाळ्याला ग्राफ म्हणतात (शाळेतल्या आलेखवहीशी याचा संबंध नाही). ज्या जाळ्यात कुठेही फेरा होत नाही, म्हणजे एका ठिपक्यापासून दुसऱ्याकडे जायला एकच वाट असते, ते झाड. ज्या ठिपक्याला एकच रेघ चिकटलेली असते, ते त्या झाडाचं पान.

आपली मेट्रो सध्या असंच झाड आहे. नारिंगी आणि ॲक्वा या दोन मार्गिका सीताबर्डीला एकमेकींना छेदतात. सीताबर्डी सोडून दक्षिणेला खापरीपर्यंत 10 स्टेशनं, पश्चिमेला लोकमान्यनगरपर्यंत 10, पूर्वेला प्रजापतीनगरपर्यंत 9 आणि उत्तरेला ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत 7. आता असं स्टेशन हवं, जिथून सर्वांत लांबचं स्टेशनही शक्य तितकं जवळ पडेल.

इथे कामी येणारी युक्ती कामील जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाच्या 1869 च्या कामातून निघते: पानं तोडत जा. पहिल्या फेरीत खापरी, लोकमान्यनगर, प्रजापतीनगर आणि ऑटोमोटिव्ह चौक गळतात. दुसऱ्या फेरीत त्यांच्या आतली चार. गंमत म्हणजे सातव्या फेरीत झिरो माइल फ्रीडम पार्क हे स्टेशनच छाटलं जातं. दहाव्या फेरीअखेर एकटी सीताबर्डी उरते. हे चालतं कारण झाडात कुठल्याही ठिपक्यापासून सर्वांत दूर असतं ते पानच. सगळी पानं एकदम तोडली की उरलेल्या प्रत्येकाचं ‘सर्वांत दूरचं अंतर’ बरोबर एकने कमी होतं. सगळ्यांचंच सारखं कमी झालं, म्हणजे सर्वांत कमी अंतर असलेला ठिपका होता तोच राहतो. जॉर्दांने दाखवलं की शेवटी एक ठिपका उरतो, नाहीतर शेजारशेजारचे दोन. तीन कधीच नाही.

ॲम्ब्युलन्स उभी करायची असेल तर हा मध्य ठीक. संत्र्यांसाठी नाही. तिथे सर्वांत लांबच्या गावाची काळजी नसते, सगळ्या गाड्यांची धाव मिळून कमीत कमी व्हावी एवढंच हवं असतं. हा दुसरा मध्य, आणि माझा खरा लाडका.

संत्रापट्ट्यातला रेल्वेमार्ग घ्या: नागपूर, कळमेश्वर, काटोल, नरखेड. नरखेडहून एक फाटा पांढुर्ण्याकडे, दुसरा वरूड आणि मोर्शीकडे. हेही झाडच. दर गावाहून किती गाड्या माल निघतो ते मनाने धरू: नागपूर 3, कळमेश्वर 2, काटोल 6, नरखेड 4, पांढुर्णा 2, वरूड 9, मोर्शी 5. एकूण 31, निम्मे साडेपंधरा. संकलन केंद्र कुठे ठेवायचं?

पुन्हा पानंच तोडायची, पण तोडताना त्यांचा माल शेजाऱ्याच्या पदरात टाकायचा, कुणाकडे तरी निम्म्याहून जास्त जमेपर्यंत. नागपूरचे 3 कळमेश्वरला, झाले 5. ते काटोलला, झाले 11. पांढुर्ण्याचे 2 नरखेडला, झाले 6. मोर्शीचे 5 वरूडला, झाले 14. अजून कुणीच निम्म्यावर नाही. काटोलचे 11 नरखेडला दिले की 17! केंद्र नरखेडला. मोर्शीचा माल 5 ऐवजी 9 धरला तर एकूण 35 होतात, वरूडला 18 जमतात आणि केंद्र वरूडला सरकतं.

आता मागे जाऊन पाहा, किलोमीटर कुठे वापरले? कुठेच नाही! काटोल ते नरखेड अंतर दुप्पट करा, उत्तर तेच येतं. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कागद उलटसुलट करून हिशेब तीनदा तपासला होता. कारण साधं आहे. केंद्र नरखेडहून वरूडला नेलं, तर वरूडच्या बाजूच्या 14 गाड्यांची वाट त्या एका रेघेइतकी कमी होते आणि उरलेल्या 17 गाड्यांची तितकीच वाढते. रेघ आखूड असो की लांब, 17 हे 14 पेक्षा जास्तच. ती लांबी दोन्ही पारड्यांत सारखी पडते, म्हणून निकालात उरत नाही. निम्म्याहून जास्त माल ज्या बाजूला, केंद्र त्या बाजूला.

खऱ्या रस्त्यांत फेरे असतात, नागपूरला तर रिंग रोडच आहे. फेऱ्यावर तोडायला पानंच सापडत नाहीत, मग सगळ्या जोड्यांची सर्वांत लहान अंतरं काढत बसावं लागतं. त्यासाठीच्या फ्लॉइड-वॉर्शल पद्धतीत ठिपके n असतील तर काम n च्या घनाच्या प्रमाणात वाढतं. हकीमी या संशोधकाने 1964 मध्ये सिद्ध केलं की एकूण धाव कमी करणारं केंद्र कुठल्यातरी ठिपक्यावर ठेवून भागतं, ॲम्ब्युलन्सवालं मात्र रेघेच्या मध्येच कुठेतरी पडू शकतं. आणि एकाऐवजी हवी तितकी केंद्रं ठेवायची म्हटलं की प्रश्न एनपी-हार्ड होतो, हे कारिव आणि हकीमी यांनी 1979 मध्ये दाखवलं. म्हणजे मोठ्या जाळ्यावर प्रत्येक वेळी झटपट अचूक उत्तर देणारी पद्धत आजवर कुणाकडे नाही. ‘आमचं एआय सगळ्या गोदामांच्या जागा क्षणात अचूक काढतं’ असं सांगणाऱ्या सेल्समनला एवढंच विचारा: अचूक, की बऱ्यापैकी?

मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याच्या आराखड्यात दक्षिणेला आणखी 10 स्टेशनं आहेत, उत्तरेला कन्हानपर्यंत 12, पश्चिमेला हिंगण्याकडे 7 आणि पूर्वेला 3. तो तसाच उतरला तर चार फांद्या 20, 19, 17 आणि 12 स्टेशनांच्या होतील. पानं तोडत गेलात तर एकोणिसाव्या फेरीनंतर दोन ठिपके उरतील: सीताबर्डी आणि तिच्या दक्षिणेचं काँग्रेसनगर. अनवाणी उभं राहायला भाऊजींना आता दोन जागा.