जॉर्डनला शाळेच्या संघातून काढलं होतं? अर्धंच खरं

'मायकल जॉर्डनला शाळेच्या बास्केटबॉल संघातून हाकललं होतं, तरी तो...' दहावीच्या निकालाच्या सुमारास या अमेरिकन बास्केटबॉल दिग्गजाबद्दलचा हा मेसेज हमखास येतो. नापास झालेल्याला धीर द्यायला ठीक आहे, पण घडलं वेगळंच.

१९७८, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टनचं लेनी हायस्कूल. जॉर्डन दहावीत, उंची जेमतेम ५ फूट १० इंच. अमेरिकेतल्या शाळांत व्हर्सिटी हा मुख्य संघ आणि ज्युनिअर व्हर्सिटी त्याखालचा. दहावीतली पोरं सहसा खालच्याच संघात खेळतात. जॉर्डनही तिथेच गेला, वर्षभर खेळला, गुणांचा पाऊस पाडला. भिंतीवर लावलेल्या मुख्य संघाच्या यादीत मात्र त्याचं नाव नव्हतं, आणि तेवढं त्याच्या मनाला लागलं.

त्या यादीत दहावीतला एक मुलगा होता: त्याचा मित्र लेरॉय स्मिथ, उंची ६ फूट ७ इंच! संघात अनुभवी गार्ड, म्हणजे रिंगपासून लांब राहून चेंडू खेळवणारे, सहसा कमी उंचीचे खेळाडू, होतेच. कमी होती ती रिंगखाली उभं राहून रिबाउंड, म्हणजे नेम चुकून उसळलेला चेंडू, खेचणाऱ्या उंच फॉरवर्डची. प्रशिक्षकांनी ती भरली. मग प्रशिक्षकांना जॉर्डनची गुणवत्ता दिसलीच नाही, असं कसं म्हणायचं? आणि लेरॉयही काही लिंबूटिंबू नव्हता, पुढे तो शार्लटच्या विद्यापीठाकडून खेळला.

जॉर्डन नंतर उंच झाला, १९८० च्या उन्हाळ्यात पिट्सबर्गच्या 'फाइव्ह-स्टार' या शालेय खेळाडूंच्या बास्केटबॉल शिबिरात गाजला आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात गेला. १९८२ च्या अमेरिकन महाविद्यालयीन (एनसीएए) स्पर्धेच्या अंतिम सामन्यातला विजयी बास्केट त्याचाच.