युद्धकालीन स्वयंसेवी परिचर्या व समुद्रपार लष्करी रुग्णालये

नियमित लष्करी परिचर्यासेवेबाहेरील स्त्रियांनी युद्धकाळापुरती पत्करलेली जखमी व आजारी सैनिकांची शुश्रूषा, आणि ही शुश्रूषा चालवण्यासाठी मायदेशाबाहेर उभारलेली रुग्णालये. वेतन न घेणे हा स्वयंसेविकेचा निकष धरता येत नाही. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करी रुग्णालयांत काम करणाऱ्या स्वयंसेविकांना वर्षाला २० पौंड आणि भत्ते मिळत. उलट, नियमित सेवेबाहेरच्या पूर्ण प्रशिक्षित परिचारिकाही युद्धापुरत्या राखीव दलात भरती होत. अशा राखीव परिचारिकांना काही संकलक स्वयंसेविकांत मोजतात, काही वगळतात. एकूण संख्येच्या आकड्यांत जी तफावत दिसते, तिचे मूळ बहुतांशी या मोजणीत आहे. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः अल्पप्रशिक्षित साहाय्यक स्त्रियांचा विचार केला आहे.

उगम : या प्रथेचा आरंभ सर्वसाधारणपणे क्रिमियन युद्धापासून (१८५३–५६) मानतात व त्याचे श्रेय फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना देतात. हे श्रेय तपासून घ्यायला हवे. नाइटिंगेल ३८ स्त्रियांसह नोव्हेंबर १८५४च्या पहिल्या आठवड्यात बॉस्फरस सामुद्रधुनीच्या आशियाई काठावरील स्कुटारी येथील ब्रिटिश लष्करी रुग्णालयात पोहोचल्या. त्यांपैकी २४ जणी निरनिराळ्या धार्मिक संघांतल्या होत्या आणि १४ जणी रुग्णालयांतून घेतलेल्या पगारी परिचारिका होत्या. फ्रेंच सैन्याच्या रुग्णालयांत त्याआधीच सिस्टर्स ऑफ चॅरिटी या संघाच्या भगिनी काम करत होत्या. ‘फ्रेंचांकडे आहेत, मग आपल्याकडे का नाहीत?’ या वृत्तपत्रीय ओरडीतूनच ब्रिटिश तुकडी निघाली. रशियाच्या बाजूला ग्रँड डचेस येलेना पाव्हलोव्हना यांनी १८५४च्या अखेरीस होली क्रॉस भगिनीसंघ स्थापला. क्रिमियातील सेव्हास्तोपोलमध्ये शल्यचिकित्सक निकोलाय पिरोगोव्ह यांनी या भगिनींची मलमपट्टी करणाऱ्या, औषधे सांभाळणाऱ्या आणि सामान व भोजन पाहणाऱ्या अशी विभागणी केली. या भगिनी एका वर्षापुरती शपथ घेत. मुदतीचे बंधन, कामाची वाटणी आणि आघाडीजवळची नेमणूक या तीन गोष्टी एकत्र पाहिल्या, तर पुढच्या शतकातील स्वयंसेवी तुकड्यांचे अधिक जवळचे पूर्वरूप सेव्हास्तोपोलमध्ये सापडते. स्कुटारीचे महत्त्व रुग्णालयाच्या प्रशासनाच्या आणि आकडेवारीच्या संदर्भात आहे.

स्कुटारीतील मृत्यूदर कशामुळे उतरला, हाही वादाचा मुद्दा आहे. फेब्रुवारी १८५५मध्ये तो सुमारे ४२ टक्के होता आणि जूनपर्यंत सुमारे २ टक्क्यांवर आला, असे आकडे नेहमी दिले जातात. परंतु नाइटिंगेल पोहोचल्यानंतरचे पहिले काही महिने मृत्यू वाढतच होते. मार्च १८५५मध्ये जॉन सदरलंड आणि रॉबर्ट रॉलिन्सन यांचा स्वच्छता आयोग आला. त्याने बराकीखालची तुंबलेली गटारे धुऊन काढली, भिंतींना चुना लावला, हवा खेळती केली आणि पाण्याच्या मार्गातली मेलेली जनावरे उपसली. घसरण त्यानंतरची आहे. हिवाळा सरल्यामुळे आघाडीवरून येणारे रुग्णही आधीइतके खंगलेले नव्हते, हा तिसरा घटक बहुधा दुर्लक्षिला जातो. शुश्रूषेने जखमी जगतात हे खरे, पण गटारावर बांधलेल्या वॉर्डात तिचा जोर चालत नाही, हा आयोगाच्या बाजूचा युक्तिवाद आज अधिक ग्राह्य वाटतो. स्वतः नाइटिंगेल यांनीही पुढे आकडेवारीच्या आधारे स्वच्छतेचाच आग्रह धरला.

कायदेशीर स्थान : १८५९च्या इटलीतील सॉल्फेरिनोच्या लढाईनंतर कास्तील्योने गावातील स्त्रियांनी दोन्ही पक्षांच्या जखमींची काळजी घेतली. हे पाहून स्विस व्यापारी आंरी द्युनां यांनी मांडलेल्या कल्पनेतून रेड क्रॉस चळवळ उभी राहिली. मात्र २२ ऑगस्ट १८६४च्या जिनीव्हा करारात स्वयंसेवी संस्थांचा उल्लेख नाही. १९०६च्या सुधारित कराराने ही उणीव भरून काढली. सरकारने अधिकृत ठरवलेल्या संस्थांच्या सेवकांना लष्करी वैद्यकीय सेवकांच्या बरोबरीचे संरक्षण मिळाले, पण ते लष्करी कायद्याखाली येतील ही अट पडली. स्वयंसेविकेला शिस्तीच्या बाबतीत सैन्याच्या कक्षेत आणणारी तरतूद हीच.

ब्रिटनमधील व्हॉलंटरी एड डिटॅचमेंट (व्हीएडी) ही योजना १६ ऑगस्ट १९०९ रोजी जाहीर झाली. ती मुळात परदेशासाठी नव्हतीच. स्वारी झाली तर प्रादेशिक सेनेच्या क्षेत्रीय तुकड्या व मोठी रुग्णालये यांच्यामधली पोकळी भरून काढायची, एवढाच तिचा हेतू होता. स्त्रियांच्या एका तुकडीत साधारण वीस-बावीस जणी असत आणि त्यांच्यात प्रशिक्षित परिचारिका असावी असा दंडक होता. प्रथमोपचार आणि गृहपरिचर्या यांची प्रमाणपत्रे आवश्यक असत. स्वयंपाकाला तितकेच महत्त्व होते, याचा नंतरच्या गौरवपर लेखनात विसर पडलेला दिसतो. ऑक्टोबर १९१४मध्ये कॅथरिन फर्स यांच्या नेतृत्वाखाली पहिली छोटी तुकडी फ्रान्समध्ये बुलोन्य येथे गेली. तिचे काम रेल्वे स्थानकावर जखमींना गरम पेय, खाणे व तातडीची मलमपट्टी पुरवण्याचे होते. १९१५पासून लष्करी रुग्णालयांनी स्वयंसेविकांना वॉर्डात घेतले. समुद्रपार जाण्यास किमान २३ वर्षे वय आणि तीन महिन्यांहून अधिक रुग्णालयातील अनुभव लागे. मुलगी कोणत्या घरची आहे हे निवडीत पाहिले जाई. प्रवास, गणवेश आणि अल्प वेतन यांचा हिशेब पाहता हे काम खात्यापित्या घरच्या मुलींनाच परवडण्यासारखे होते.

समुद्रपार रुग्णालयांची साखळी : आघाडीमागे पलटणीचा मदतकक्ष, त्यामागे मलमपट्टीची ठाणी, मग कॅज्युअल्टी क्लिअरिंग स्टेशन (जखमींवर उपचार करून त्यांना पुढे पाठवणारे ठाणे), तेथून रुग्णवाहू आगगाडी, बंदरालगतची तळ-रुग्णालये आणि शेवटी रुग्णनौका, असा ब्रिटिश सैन्याचा क्रम होता. स्वयंसेविकांची नेमणूक मुख्यतः तळ-रुग्णालयांत होई. क्लिअरिंग स्टेशनांत आणि आगगाड्यांवर बहुधा नियमित वा राखीव सेवेतील सिस्टर (पूर्ण प्रशिक्षित परिचारिका) असत. युद्धाच्या आरंभी जनरल हॉस्पिटलची मंजूर क्षमता ५२० खाटांची होती, ती पुढे १,०४० पर्यंत वाढली. स्टेशनरी हॉस्पिटल २०० खाटांचे असे. नावाने स्थिर असले, तरी ते हलवता येण्याजोगेच योजलेले होते. उत्तर फ्रान्समधील एताप्ल येथे अशा रुग्णालयांची वसाहतच वसली. रेल्वेचा फाटा थेट छावणीत येई, हे ते ठिकाण निवडण्यामागचे एक कारण. पण शेजारीच सैन्याचे प्रशिक्षणतळ व लोहमार्ग असल्याने मे १९१८मधील हवाई हल्ल्यांत रुग्णालयेही सापडली आणि कॅनडाच्या परिचारिका मृत्युमुखी पडल्या.

आगगाडीच्या प्रत्येक वॉर्ड-डब्यात तीन थरांत ३६ खाटा असत. अत्यवस्थ रुग्ण खालच्या वा मधल्या थरात ठेवावा लागे, कारण वरच्या खाटेवरील रुग्णाचा रक्तस्राव वेळेत दिसत नाही आणि धावत्या गाडीत त्याच्यापर्यंत हातही पोहोचत नाही. रुग्णाबरोबर येणारे कार्ड हाच त्याचा वैद्यकीय इतिहास. ते सदऱ्याच्या गुंडीला बांधलेले असे. कपडे कापून काढताना कार्ड कपड्यांबरोबर गेले, की धनुर्वातविरोधी सीरम व मॉर्फिया (वेदनाशामक) दिले की नाही हे कळत नसे. म्हणून सीरमची खूण कातडीवरच न पुसणाऱ्या पेन्सिलीने करत. मॉर्फियाची नोंद चुकल्यास धोका अधिक. गारठलेल्या शरीरात टोचलेला डोस रक्तात हळू उतरतो. गुण नाही म्हणून दुसरा दिला आणि मग रुग्णाला ऊब मिळाली, तर दोन्ही एकदम उतरून श्वास मंदावतो.

जखमांची परिचर्या : बेल्जियम-फ्रान्स सीमेवरील फ्लँडर्सची शेतजमीन पिढ्यानपिढ्या खत घातलेली असल्याने तिच्यात गॅस गँग्रीन (जखमेतील ऊती सडवणारा संसर्ग) व धनुर्वात यांचे जंतू भरपूर होते. तोफगोळ्याच्या तुकड्याबरोबर गणवेशाच्या चिंध्या आणि माती खोल जात. अशी जखम वरून शिवून टाकणे घातक ठरले. १९१५पासून शल्यचिकित्सक अलेक्सी कारेल आणि रसायनतज्ज्ञ हेन्री डेकिन यांची पद्धत पुढे आली. शल्यचिकित्सकाने मृत ऊती कापून काढल्यावर जखमेच्या कानाकोपऱ्यांत बारीक छिद्रांच्या रबरी नळ्या बसवायच्या आणि त्यांतून दर दोन तासांनी, रात्रंदिवस, सोडियम हायपोक्लोराइटचे सौम्य द्रावण सोडायचे.

द्रावणाची तीव्रता ०.४५ ते ०.५ टक्के असावी लागे. त्याहून कमी असल्यास जंतू मरत नाहीत, अधिक असल्यास कातडी भाजते. त्यात मुक्त दाहक अल्कली नको. ती तपासण्यासाठी फिनॉल्फ्थॅलीन या रंगदर्शकाची पूड टाकत. लाल रंग आला तर द्रावण निकामी समजत. ते गडद बाटलीत ठेवत आणि कधीही तापवत नसत, कारण उष्णतेने व उजेडाने त्याचे विघटन होते. भोवतालच्या कातडीवर व्हॅसलीन लावलेल्या जाळीदार पट्ट्या ठेवत. पद्धत फसे ती बहुधा तीन कारणांनी : पुवाने नळीची छिद्रे बुजणे, जखमेच्या उंच कडेला नळी न पोहोचणे आणि एकाच वेळी जास्त द्रावण सोडल्याने अंथरूण भिजून पाठीला व्रण होणे. जखमेतील स्रावाचे काचपट्टीवर नमुने घेऊन जंतू मोजत. ते जवळजवळ दिसेनासे झाल्यावरच जखम बंद करत. शंभर रुग्णांच्या विभागात दोन तासांचे हे चक्र पाळायचे, तर प्रशिक्षित सिस्टर कितीही कुशल असली तरी एकटी पुरी पडत नाही. अल्पप्रशिक्षित स्वयंसेविकेची खरी उपयुक्तता अशा ठिकाणी होती. नेमून दिलेली एक क्रिया ती न चुकता, वेळेवर करू शके. नळ्या बसवणे व जखमेचा अंदाज घेणे सिस्टरकडेच राही.

मांडीच्या हाडाच्या अस्थिभंगाबाबतही असेच आहे. टॉमस स्प्लिंटचा (मोडलेला पाय ताणून स्थिर धरणाऱ्या चौकटीचा) वापर रूढ झाल्यावर १९१७पर्यंत मृत्यूप्रमाण सुमारे ८० टक्क्यांवरून १६ टक्क्यांच्या आसपास आले, असे सांगतात. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गटांचे असावेत, त्यामुळे तुलना जपून करावी. मात्र घट मोठी होती यात शंका नाही. या स्प्लिंटची चामडी कडी जांघेत रुतते. तिच्याखालची कातडी दिवसातून अनेकदा सरकवून, पुसून कोरडी ठेवावी लागते. बुटावरून घेतलेला ताणाचा फास घोट्यावर काचला, तर पाऊल गार व निळसर पडते. बूट तसाच ठेवला तर हे उशिरा कळते.

सर्बियात १९१५मध्ये टायफसची साथ उसळली तेव्हा स्कॉटिश विमेन्स हॉस्पिटल्सच्या तुकड्या क्रागुयेव्हात्स येथे काम करत होत्या. ही संस्था एल्सी इंग्लिस यांच्या पुढाकाराने उभी राहिली होती आणि ब्रिटिश युद्धखात्याने तिची मदत नाकारल्यामुळे ती मित्रराष्ट्रांकडे वळली. टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी १९०९मध्ये दाखवले होते. म्हणून परिचारिका एकसंध पोशाख घालून पायजमा बुटांत खोचत आणि मनगट व गळा घट्ट बांधत. रुग्ण दाखल होताच केस कापणे, कपडे वेगळे काढणे व आंघोळ घालणे हे औषधाच्या आधीचे काम. धोका सर्वाधिक त्या कपड्यांचे गाठोडे हलवणाऱ्याला असे.

रुग्णनौका : हेगच्या १९०७च्या करारानुसार लष्करी रुग्णनौकेला पांढरा रंग व सुमारे दीड मीटर रुंदीचा हिरवा आडवा पट्टा, तर मदतसंस्थांच्या नौकेला लाल पट्टा ठरवून दिलेला होता. हल्ल्यापासूनचे संरक्षण अशा खुणा असलेल्या नौकेला असे, कोणत्याही जहाजात बसलेल्या परिचारिकेला नव्हे. न्यूझीलंडची रुग्णालय-तुकडी ऑक्टोबर १९१५मध्ये ‘मार्केट’ या दारूगोळा व सैन्य वाहणाऱ्या जहाजातून ग्रीसमधील सॅलोनिकाकडे निघाली. ते जहाज पाणतीराने बुडाले तेव्हा दहा परिचारिका गेल्या. जहाजावर खुणा नव्हत्या आणि त्या लावण्याचा अधिकारही नव्हता. ‘ब्रिटॅनिक’ ही रुग्णनौका नोव्हेंबर १९१६मध्ये एजियन समुद्रात बुडाली. वॉर्ड हवेशीर करण्यासाठी उघडलेल्या गोल खिडक्यांतून पाणी आत आल्याने ती लवकर कलली, असे मानले जाते. जून १९१८मध्ये ‘लँडव्हरी कॅसल’ सर्व खुणा व दिवे असूनही बुडवण्यात आली आणि तीवरील कॅनडाच्या चौदाही परिचारिका मरण पावल्या.

भारतीय सैनिक व भारत : फ्रान्समध्ये जखमी झालेल्या भारतीयांसाठी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर रुग्णालये उघडली. ब्रायटनच्या रॉयल पॅव्हिलियनमधील रुग्णालय डिसेंबर १९१४ ते जानेवारी १९१६ चालले. वेगवेगळ्या धर्मजातींसाठी नऊ स्वयंपाकघरे आणि हिंदू-मुसलमानांसाठी वेगळे पाण्याचे नळ होते. इंग्रज परिचारिकांनी भारतीय सैनिकांची प्रत्यक्ष शुश्रूषा करण्यास मात्र युद्धखात्याने १९१५मध्ये आडकाठी केली. त्यांचे काम देखरेखीपुरते उरले आणि मलमपट्टी पुरुष ऑर्डर्लींकडे (रुग्णसेवकांकडे) गेली. याचे कारण वैद्यकीय नव्हते, वांशिक होते. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) १९१५–१६मध्ये जखमींना नदीतल्या बोटींच्या उघड्या डेकवर दाटीवाटीने बसऱ्याकडे धाडले. तेथे नदीवाहतुकीची मोठी उणीव होती, हे १९१७च्या चौकशी अहवालातून स्पष्ट झाले.

भारतात लष्करी परिचर्येसाठी इंग्लंडमधून दहा परिचारिका १८८८मध्ये मुंबईस आल्या. इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस १९२६मध्ये स्थापन झाली. भारतीयांनी स्वतः धाडलेल्या पथकांपैकी १९३८चे चीनमधील काँग्रेसचे वैद्यकीय पथक प्रसिद्ध आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस त्यात होते. पाचही सदस्य डॉक्टर होते, परिचारिका एकही नव्हती. ती कामे तेथील स्थानिक सेवकांनी केली. सिंगापूर येथे १९४३मध्ये उभारलेल्या झाशीची राणी पलटणीत शुश्रूषा-विभाग होता. त्याच वर्षीच्या वटहुकमाने भारतातील लष्करी परिचारिकांना अधिकारीपद मिळाले. कॅनडाच्या लष्करी परिचारिकांना ते पहिल्या महायुद्धातच होते.