सी४ म्हणजे भित्रा डाव? मुळीच नाही

बुद्धिबळाचा ग्रँडमास्टर विदित गुजराथी याच्या नाशकातही स्पर्धेच्या हॉलबाहेर अजून ऐकू येतं: ‘सी४ने (सी स्तंभातलं प्यादं दोन घरं पुढे नेऊन) सुरुवात केली म्हणजे पटाचा मध्य सोडला.’ चूक. मध्य प्यादी रेटूनच धरावा असं थोडंच आहे!

हा डाव बघा (दर आकड्यात आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची; नुसतं घर दिलं तर ती प्याद्याची): १. सी४ ई५ २. घोडा सी३, घोडा एफ६ ३. जी३ डी५ ४. प्यादं डी५वर मारतं, काळा घोडा परत मारतो ५. उंट जी२. आता त्या घोड्यावर दोन मोहऱ्यांचा मारा, राखणीला एकटा वजीर. काळ्याकडून सवयीने दुसरा घोडा सी६ला काढलात, की पांढरा डी५वर मारतो आणि मोहरा फुकट. म्हणून बहुतेक जण डी५चा घोडा बी६ला मागे नेतात.

१९२४मध्ये न्यूयॉर्कला रिचर्ड रेटीने तेव्हाच्या विश्वविजेत्या कापाब्लांकाला हरवलं, तेही घोडा एफ३, मग सी४ खेळूनच. कापाब्लांका त्याआधी आठ वर्षं हरला नव्हता.